तेलविहिरीची उत्तर कोणती?

तेलविहिरींच्या इतिहासात यंत्रांची नावे येतात, चुंबकीय वेधशाळांची येत नाहीत. हा अन्याय आहे.

तिरप्या विहिरीची दिशा भूगर्भात चुंबकीय उपकरणाने मोजली, की हाती येते ती चुंबकीय उत्तर. ध्रुवाकडची खरी उत्तर तिच्यापासून दिक्पाताच्या कोनाइतकी दूर. नकाशाच्या उभ्या रेषांची उत्तर आणखी निराळी, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना मध्यरेखेपासून दूरची रेखावृत्ते त्या रेषांशी तिरकी होतात. या हिशेबात एका अंशाची चूक झाली, तर आडव्या ३ किलोमीटर अंतरावर विहिरीचे टोक सुमारे ५२ मीटर बाजूला जाते. शेजारच्या विहिरीवर आदळायला तेवढे पुरते.

त्यात दिक्पात काळानुसार बदलतो. म्हणून कोणती उत्तर आणि कोणते साल, हे न लिहिलेला विहिरीचा जुना कागद अर्धाच दस्तऐवज होय.

दिक्पात सांगणारी जागतिक प्रारूपे अलिबागसारख्या वेधशाळांच्या नोंदींचा आधार घेतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागला नेले गेले. ट्रामची ही गोष्ट सारे चवीने सांगतात. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर मोजणी चालू ठेवल्यामुळे जुन्या-नव्या नोंदींची साखळी अखंड राहिली. तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो, आणि खरे श्रेय तिचेच.