इंजिन बदलले, जीप सुधारली?

महिंद्राने १९४० च्या दशकात मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या वंशातल्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायला निघालेल्या परभणीकर हौशी मालकांना एकच सांगणे: इंजिन बदलले म्हणजे जीप सुधारली, असे नाही. इंजिनाचा जोर क्लच, गिअरबॉक्स, जॉइंट आणि डिफरन्शियलमधून चाकापर्यंत जातो. यातला कच्चा दुवा आधी तुटतो. याच वंशातल्या सीजे-३बी जीपच्या डिफरन्शियलचे प्रमाण ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे सव्वापाचांहून जास्त फेरे. कमी फेऱ्यांवर जोर देणारे डिझेल इंजिन तसेच जोडले, तर नांदेड रस्त्यावर ते नुसते बोंबलते; वेग मिळत नाही.

कोणी म्हणेल, काळ्या मातीच्या चिखलात हेच प्रमाण तारते. खरे आहे, म्हणूनच गाडी शेतात चालवायची की डांबरीवर, हे आधी ठरवावे. इंजिनासोबत हे भागही बदलण्याच्या खर्चाचा आक्षेपही रास्त, पण तुटलेला अ‍ॅक्सल काही स्वस्त नसतो. जुने ड्रम ब्रेक तसेच ठेवून वेग वाढवणे ही तर निव्वळ जोखीम. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ फेरबदलांवर बंधने घालते. तेव्हा पाना हाती घेण्याआधी आरटीओची पायरी चढावी.