माथेरानचा प्लॅन ठरला. पण वर नेणार कोण?

सबमिशन्स झाली, ओरल्स उरकल्या आणि ग्रुपवर तो मेसेज आलाच, ‘वीकेंडला कुठे?’ कुणीतरी लोणावळा म्हणतं, त्यावर ‘परत तेच?’ असं उत्तर येतं. महाबळेश्वरचं नाव निघतं, तर पसरणी घाटातल्या गाड्यांच्या रांगेची आठवण काढली जाते. मग एक जण ‘माथेरान’ टाकतो आणि चक्क कुणीच नाही म्हणत नाही. एक रात्र, दोन दिवस, बजेटमध्ये बसणारं, वर गाड्या नाहीत, हॉर्न नाहीत. ठरलं!

पुण्याहून कर्जतपर्यंत रेल्वे, कर्जतहून लोकलने नेरळ, नेरळहून शेअर टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाका. इथपर्यंतचा हिशोब ग्रुपमधला कुणीही पाच मिनिटांत मांडतो. पण एक ओळ कोरी राहते. दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंतच्या अडीच-तीन किलोमीटरची. तिथून पुढे तुमची टॅक्सी जात नाही, कुणाचीच गाडी जात नाही. मग तुम्ही कसे जाणार? आणि तुमच्या बॅगा कोण नेणार?

ही कोरी ओळ वाटते तेवढी साधी नाही. याच अडीच-तीन किलोमीटरवरून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय.

निकालात आहे काय?

६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश राज्य सरकारला दिला. म्हणजे मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती. माणसाने माणसाला ओढून नेणं हे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही आणि स्वातंत्र्याला ७८ वर्षं झाल्यावरही ते चालू राहणं हा राज्यघटनेने दिलेल्या सामाजिक-आर्थिक न्यायाच्या वचनाचा भंग आहे, असं कोर्टाने म्हटलं. सायकलरिक्षा ओढणाऱ्यांच्या पंजाबमधल्या एका खटल्यात याच कोर्टाने १९८० मध्ये हा मुद्दा मांडला होता. त्यालाही तेव्हा ४५ वर्षं झाली होती, याचीही आठवण निकालात आहे.

ज्यांनी माथेरानची हातरिक्षा पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन मोठी चाकं, वर दोन-तीन माणसं बसतील असं आसन. पुढे एक जण ओढतो, मागून एक-दोघं ढकलतात. उतारावर तीच माणसं ब्रेक होतात. लाल मातीचा चढ, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. अशा ९४ रिक्षा माथेरानमध्ये होत्या.

निकालाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. कोर्टाने ‘बंद करा’ एवढंच सांगितलं नाही, तर ओढणाऱ्यांनी पुढे खायचं काय, याचंही उत्तर मागितलं. राज्याने ई-रिक्षा विकत घ्याव्यात आणि खऱ्याखुऱ्या हातरिक्षावाल्यांना त्या भाड्याने चालवायला द्याव्यात. हे खरे रिक्षावाले कोण, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या सनियंत्रण समितीने ठरवावं. त्यांना देऊन आणखी गाड्या लागणार असतील, तर त्या परिसरातल्या आदिवासी महिलांना आणि इतर गरजूंना द्याव्यात. गुजरातमध्ये केवडियाला सरदार पटेलांच्या पुतळ्याच्या परिसरात स्थानिक महिला ई-रिक्षा चालवतात. तीच योजना कोर्टाने नमुना म्हणून पुढे ठेवली. शिवाय पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही स्पष्ट केलं.

गाडीबंदीचं दुसरं टोक

आता थोडं मागे जाऊ. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढून आले आणि इथे थंड हवेचं ठिकाण वसायला सुरुवात झाली. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या प्रयत्नातून नेरळहून छोटी रेल्वे वर पोचली. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि आजूबाजूचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. अॅम्ब्युलन्ससारखे मोजके अपवाद सोडले, तर इथे मोटारीला जागा नाही.

याचा फायदा डोळ्यांना दिसतो. महाबळेश्वर-पाचगणीलाही २००१ पासून असाच संवेदनशील क्षेत्राचा दर्जा आहे. पण तिथे गाडी थेट पॉइंटपर्यंत जाते आणि लाँग वीकेंडला डोंगर पाहायचा की पुढच्या गाडीची नंबरप्लेट, असा प्रश्न पडतो. माथेरानमध्ये अजूनही सकाळी पक्ष्यांचा आवाज ऐकू येतो तो गाडीबंदीमुळेच. आपण पुण्याहून तिथे जातो तेही त्यासाठीच.

पण गाडी बंद झाली म्हणून ओझं काही नाहीसं होत नाही. हॉटेलचं गादी-फर्निचर, गॅस सिलिंडर, भाजी, सिमेंट, तुमची ट्रॉली बॅग आणि कधी कधी तुम्ही स्वतः, हे सगळं कुणीतरी वर न्यायचंच असतं. ते घोड्याच्या पाठीवरून गेलं, हातगाडीवरून गेलं, नाहीतर पायथ्याच्या वाड्यांमधून चढून आलेल्या हमालांच्या डोक्यावरून गेलं. त्या हमालांमध्ये बायकाही आहेत. शांत, धूरमुक्त माथेरानची किंमत रोज कुणीतरी अंगमेहनतीने चुकती करत होतं. आपल्या इन्स्टाच्या फोटोत ती माणसं फ्रेमच्या बाहेर राहिली, एवढंच.

मग ई-रिक्षा आल्या की प्रश्न मिटला?

नाही. आणि इथेच हा विषय ‘हातरिक्षा वाईट, ई-रिक्षा चांगली’ याच्या पुढे जातो.

ई-रिक्षांची मागणी मुळात हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच संघटनेची होती. कोर्टाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये मोजक्या गाड्यांसह प्रायोगिक सेवा सुरू झाली. ज्येष्ठ नागरिक आणि शाळेत जाणारी मुलं यांची मोठी सोय झाली. मात्र घोडेवाल्यांच्या संघटनांनी विरोध केला. त्यामागे पोटाचा प्रश्न आहे. माथेरानमध्ये शेकडो घोडे आहेत आणि एकेका घोड्यावर एकेक घर चालतं. प्रवासी स्वस्तात ई-रिक्षात बसला, तर दस्तुरीहून घोड्यावर कोण बसणार? २०२४ मध्ये कोर्टाने ई-रिक्षांची संख्या तूर्त २० वर रोखली आणि त्या हातरिक्षावाल्यांनाच द्या, असं बजावलं. मग हे वीस परवाने खरोखर ओढणाऱ्यांच्याच हातात पडले का, यावरून वाद झाला आणि प्रकरण परत कोर्टात गेलं.

दुसरा वाद रस्त्याचा. ई-रिक्षा चालायची तर रस्ता बरा हवा, म्हणून पेव्हर ब्लॉक आले. एक बाजू म्हणते, मातीचा रस्ता दर पावसात वाहून जातो, ब्लॉक लावले तर धूप थांबेल. दुसरी बाजू म्हणते, आज ब्लॉक, उद्या काँक्रीट आणि परवा गाड्या. शिवाय गुळगुळीत ब्लॉकवरून घोडे घसरतात. कोर्टाने मधला मार्ग काढला. दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर मातीचे ब्लॉक चालतील, खाली काँक्रीटचा थर नको, आणि आतल्या रस्त्यांवर व पायवाटांवर ब्लॉक अजिबात नकोत.

पर्यावरणवाल्यांची भीती निराधार नाही आणि रिक्षावाल्यांची मागणीही चुकीची नाही. मला वाटतं, इथे एक फरक स्पष्ट करायला हवा. ‘गाडी नको’ हा नियम डोंगर वाचवण्यासाठी होता. ‘माणसाने ओढावं’ हा नियम कधीच नव्हता. तो फक्त स्वस्त पडणारा पर्याय होता. पहिला नियम राखून दुसरी सवय मोडता येते.

स्वित्झर्लंडमधलं झरमॅट बघा. मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याचं हे गाव आपल्यासारख्या पर्यटकांच्या गाड्यांना बंद आहे. गाडी खालच्या ताश गावात ठेवायची, पुढे रेल्वेने जायचं आणि गावात छोट्या इलेक्ट्रिक टॅक्सी. याउलट कोलकात्याचं उदाहरण. तिथे हातरिक्षा बंद करण्यासाठी २००६ मध्ये विधानसभेने कायदा केला, पण तो कोर्टात अडकला आणि रिक्षा रस्त्यावर राहिल्याच. ओढणाऱ्याच्या हातात दुसरं काम नसेल, तर नुसत्या बंदीने काही होत नाही. माथेरानच्या निकालात पुनर्वसनाचा भाग आहे, म्हणूनच तो जास्त मोलाचा. तो अमलात कसा येतो, हे मुदतीनंतरही बघत राहायला हवं.

दस्तुरीवरचा गोंधळ

या सगळ्यात पर्यटक कुठे असतो? दस्तुरीवर, गोंधळलेला. टॅक्सीतून उतरलं की चारही बाजूंनी माणसं येतात. ‘शटल बंद आहे’, ‘चालत दोन तास लागतील’, ‘घोडाच करावा लागतो’. यातलं खरं काय, हे नवख्याला कळत नाही. पर्यटकांच्या अशा दिशाभुलीला कंटाळून मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनीच बेमुदत बंद पुकारला होता. हॉटेलं, दुकानं बंद ठेवून लोकांनी म्हटलं, आमच्या गावाचं नाव खराब होतंय. प्रशासनाने आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला गेला.

थोडं बारकाईने पाहिलं, तर ही फसवणूकसुद्धा त्याच कोंडीतून येते. कमाई बहुतेक शनिवार-रविवारची, हात जास्त आणि गिऱ्हाईक तेवढंच. फसवणाऱ्याचं समर्थन नाही. पण फक्त ‘लुटारू आहेत सगळे’ असा रिव्ह्यू टाकून आपण मोकळे होणार असू, तर आपल्याला काहीच कळलं नाही.

तुमच्या प्लॅनमधली कोरी ओळ

आता परत ग्रुपवर येऊ. ती ओळ कशी भरायची?

पहिलं, तुम्ही विशीत आहात, चाला. दस्तुरीहून बाजारपेठ साधारण पाऊण तासावर आहे, रस्ता झाडांच्या सावलीतला आहे. ई-रिक्षा मोजक्या आहेत. सिंहगड चढल्याची स्टोरी टाकणाऱ्या चार जणांनी तिथली सीट अडवली, तर मागे राहते एखादी आजी किंवा दप्तर घेतलेलं पोरगं.

दुसरं, दस्तुरीजवळच अमन लॉज स्टेशन आहे. तिथून माथेरानपर्यंत रेल्वेची शटल असते. नेरळहून थेट वर येणारी गाडी पावसाळ्यात बंद असते, पावसाळ्यानंतर सुरू होते. २०१९ च्या पावसात तिचा मार्ग इतका खचला की पूर्ण सेवा परत यायला २०२२ उजाडलं. त्यामुळे वेळापत्रक आदल्या दिवशी रेल्वेच्या साइटवर बघा, दस्तुरीवर भेटलेल्या माणसाला विचारू नका.

तिसरं, सॅक न्या, ट्रॉली नको. एका रात्रीसाठी जेवढं स्वतःच्या पाठीवर मावतं तेवढंच न्या. आणि सामान जास्त असेलच, तर हमाल करा, दर आधी ठरवा आणि ठरलेले पैसे पूर्ण द्या. पुण्यात कॅफेत कॉफीला अडीचशे देताना आपण घासाघीस करत नाही. तीन किलोमीटर डोक्यावरून ओझं नेणाऱ्या बाईशी पन्नास रुपयांसाठी का करायची?

चौथं, हातरिक्षा दिसली तर? ‘आपण बसलो नाही तर त्याचा रोज बुडेल’ हा युक्तिवाद ग्रुपमधला कुणीतरी करेलच. तो खोटाही नाही. पण स्वतः ओढणाऱ्यांनीच वर्षानुवर्षं कोर्टात उभं राहून सांगितलंय की आम्हाला हे काम नको, स्टिअरिंग हातात द्या. त्यांचं ऐकायचं असेल, तर बसू नका. आणि त्यांच्यापैकी कुणाच्या हातात ई-रिक्षा आली असेल, तर घरच्यांना घेऊन जाल तेव्हा आवर्जून तिच्यात बसा.

पाचवं, जमलं तर शनिवार-रविवार टाळा. कॉलेजला असल्याचा हा एक फायदा आहे, नोकरी लागली की संपतो. मंगळवारी गेलात, तर खोली स्वस्त पडेल, शार्लोट लेकच्या काठावर जागा मिळेल आणि मधल्या वारी रिकाम्या बसलेल्या माथेरानकरांना चार पैसे मिळतील.

आणि तिथे गेल्यावर, चहा घेताना, कुणा रिक्षावाल्याला किंवा घोडेवाल्या काकांना विचारा, कोर्टाच्या निकालाचं पुढे काय झालं म्हणून. बातमीत जे येत नाही ते तिथे कळेल. बघा, ग्रुपवर मंगळवार टाकून. कोण कोण ‘डन’ म्हणतंय ते.