संगणकाची झाडलोट

कच्चें गणित समासांत करून उत्तर तेवढें नीट उतरविणें आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. संगणकही काम चालतां चालतां अशाच तात्पुरत्या फाइली मांडतो. काम संपतांच त्या पुसणें हें प्रत्येक ॲपचें कर्तव्य, पण मध्येंच वीज गेली (आणि यवतमाळास हें नवल नव्हे!) कीं केर तसाच राहतो. म्हणून आपोआप झाडणारी योजना आम्हांस इष्ट वाटते.

मात्र ती बहुधा फाइलीचें वय पाहते, मोल पाहत नाहीं. आपल्या सरकारी कचेऱ्यांची रीत याहून बरी. तेथें प्रत्येक कागदाचा वर्ग ठरलेला असतो: 'अ' वर्गाचा कायम राहतो, 'ड' वर्गाचा वर्षानें नष्ट होतो. ॲपनेंही स्वतः निर्मिलेल्या व प्रथमपासूनच तात्पुरत्या ठरविलेल्या फाइलींसच हात लावावा. ऑक्टोबर २०१८ मध्यें विंडोज १० च्या एका सुधारणेनें जुने, रिकामे कप्पे काढतांना कांहीं लोकांचे भरलेले कप्पेच पुसले. मायक्रोसॉफ्टला तिचें वितरण थांबवावें लागलें.

पालकांनीं एक पाहावें. विंडोजच्या 'स्टोरेज सेन्स' मध्यें डाउनलोडचा कप्पा ठराविक दिवसांनीं रिता करण्याचीही सोय आहे. ती मुळांत बंद असते. मुलांचे प्रकल्प पुष्कळदां त्याच कप्प्यांत पडलेले असतात. तेव्हां ती चालू करण्यापूर्वीं मुलांस विचारावें.