शेजारधर्म आणि पीडीएफ

आमच्या इंदिरानगरातल्या सोसायटीचा जो व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, त्याचे आम्ही ॲडमिन आहोत. ही पदवी आम्ही मागून घेतलेली नाही. आधीचे ॲडमिन मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि घराच्या किल्ल्या शेजारी ठेवाव्यात तसा हा ग्रुप आमच्याकडे ठेवून गेले. एरवी काम काही नसते. टाकीत पाणी चढले नाही, बोगद्यापाशी गाड्या अडकल्या आहेत, अमक्याची स्कूटर तमक्याच्या जागेत उभी आहे, एवढ्या बातम्यांवर आमचे राज्य सुरळीत चालते.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी मात्र त्या राज्यावर संकट आले. तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी एक दिवाळी अंक ग्रुपवर टाकला. मुखपृष्ठाचे चित्र नव्हे. अख्खा अंक, संपादकीयापासून राशिभविष्यापर्यंत, पीडीएफ करून. खाली लिहिले होते, ‘सर्वांना शुभ दीपावली. वाचा आणि पुढे पाठवा.’ दहा मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली. मौज अशी की त्या अंकात आमचाही लेख होता. समोरच्या वहिनींनी त्याची मनापासून स्तुती केली आणि शेवटी लिहिले, ‘बरे झाले नानांनी पाठवला, नाहीतर विकत कोण आणतो!’ स्तुती इतकी कडू लागण्याचा आमच्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग.

आमच्याकडे दर दिवाळीला वर्गणी काढून सहा अंक घेण्याची चाल आहे. ते अंक घरोघर फिरतात आणि फेब्रुवारीपर्यंत त्यांच्या पानांवर चिवड्याच्या तेलाचे इतके ठसे उमटतात की कोणती कथा जास्त वाचली गेली ते डोळे मिटून सांगता यावे. त्या वर्षी सौ. वर्गणीची वही घेऊन चारही मजले चढली आणि तशीच परत आली. ‘आता अंक आलाच आहे की,’ असे सर्वांचे म्हणणे पडले. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाने ही हौस जपली आहे, पण हौस जपली म्हणजे छपाईचे बिल भागले असे नाही. दिवाळी अंकाची विक्री जी काय व्हायची ती चार-सहा आठवड्यांत होते. तेवढ्या अवधीत फुकट प्रत गावभर फिरली, तर संपादकाने पुढच्या वर्षी कागद कशाच्या बळावर घ्यावा?

खरे सांगायचे तर पहिली चिंता आम्हाला संपादकाची वाटली नाही, स्वतःची वाटली. ग्रुप आमचा, तेव्हा पोलीस आमच्याच दारी येणार! ओळखीच्या वकिलांनी धीर दिला. गोंदियाच्या एका ॲडमिनवर, ग्रुपमधल्या सभासदाने वापरलेल्या असभ्य भाषेबद्दल गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली तो रद्द केला. सभासदाने काय लिहावे हे ॲडमिनला आधी ठरवता येत नाही. दोघांचा मिळून तसा बेत असल्याचे दिसल्याखेरीज एकाच्या अपराधाबद्दल दुसऱ्याला धरता येणार नाही, असा त्याचा आशय. तो खटला असभ्यपणाचा होता, नकलेचा नव्हे, हे वकिलांनी आठवणीने बजावले. तरी त्या रात्री झोप बरी लागली.

सकाळी नानांकडे गेलो. नाना म्हणजे निवृत्त शिक्षक. त्यांच्यापुढे बोलताना आमचे हात आपोआप मागे जातात.

‘नाना, तो अंक काढून टाकला तर बरे,’ आम्ही म्हणालो.

‘का हो? आम्ही वाचनालयातून एक अंक आणायचो आणि सगळा वाडा तो वाचायचा. तेव्हा कुठे गेला होता तुमचा कायदा?’

प्रश्न रास्त होता. कायदा तेव्हाही होता. 1957 चा कॉपीराइट कायदा 1958 च्या जानेवारीत लागू झाला. पण विकत घेतलेले पुस्तक दुसऱ्याला वाचायला देण्यास त्याने कधी हरकत घेतली नाही. हरकत आहे ती नव्या प्रती काढून लोकांत वाटण्याला. आपल्या नाशकातले सार्वजनिक वाचनालय 1840 पासून पुस्तके देते-घेते आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत तर पुस्तकांच्या पेट्या गावोगाव आणि परदेशीही गेल्या. पण पेटी दुबईला गेली की ती नाशकात उरत नाही. नानांचा अंक मात्र चाळीस घरी गेला आणि नानांकडेही राहिला. शेजाऱ्याला वाटीभर साखर देणे वेगळे आणि साखर कारखान्याचे गोदाम उघडून देणे वेगळे.

‘शिवाय आपला कायदा कंजूष नाही,’ आम्ही पुढे म्हणालो. ‘स्वतःच्या वाचनासाठी, अभ्यासासाठी प्रत काढायला त्यात वाजवी मोकळीक आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यावर बड्या परदेशी प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूचाच कौल दिला.’

‘मग आम्ही ग्रुपवर पाठवायचे तरी काय? नुसत्या गुलाबाच्या फुलांसह सुप्रभात?’

‘श्यामची आई पाठवा की! साने गुरुजींनी ती इथेच, नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिली. गुरुजी 1950 साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, म्हणजे 2010 च्या अखेरीस तो संपला. कुसुमाग्रज मात्र 1999 साली गेले. त्यांच्या कवितांसाठी 2059 संपेपर्यंत थांबावे लागेल.’

‘तोवर मी थांबतो आहे होय!’ नाना हसले. मग त्यांनी टॅबलेट उघडून आमच्यापुढे धरला. पडद्यावर एका वेळी जेमतेम चार शब्द मावत होते. एकेक अक्षर सुपारीएवढे. ‘डोळ्यांनी दगा दिलाय,’ ते म्हणाले. ‘छापलेले आता दिसत नाही. अंक मी स्टॉलवर पैसे मोजून घेतला. नातवाने पाने स्कॅन करून यात घातली. वाटले, मला जे मिळाले ते चार जणांना मिळावे.’

आम्ही गप्प झालो. 2012 साली कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीत अशाच माणसांसाठी एक कलम घातले गेले: ज्याला अपंगत्वामुळे छापील मजकूर वाचता येत नाही, त्याच्यासाठी त्याला वाचता येईल अशी प्रत करून देणे हा भंग नव्हे. पुढे 2013 च्या माराकेश येथील आंतरराष्ट्रीय करारानेही हेच तत्त्व धरले आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. म्हणजे नातवाने केले ते न्याय्यच. चूक घडली ती त्यानंतरच्या एका बोटाच्या स्पर्शाने, आणि तीही प्रेमापोटी. नानांनी तो संदेश पुसला. तोपर्यंत तो कुठकुठे पोहोचला होता हे पाहण्याची सोय नाही, ते एक बरेच झाले.

विजयी मुद्रेने घरी आलो आणि चिरंजिवांना सर्व हकिगत सांगितली. चिरंजीव इंजिनियरिंगला आहेत. त्यांनी शांतपणे विचारले, ‘बाबा, तुम्ही ज्यावर लेख लिहिता त्या संगणकातली विंडोज कुठून आली?’

कुठून आली! एका दुकानदाराने सुटे भाग जोडून तो संगणक आम्हाला बांधून दिला होता. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, सगळ्यांची किंमत कागदावर मांडलेली. विंडोजपुढे मात्र काहीच नव्हते. आम्ही विचारले तेव्हा ‘ते मी टाकून देतो साहेब’ असे तो म्हणाला, आणि आम्ही त्याला चहा पाजला. प्रोग्रॅमची चोरटी प्रत आहे हे जाणून ती वापरणाऱ्याला याच कायद्यात निदान सात दिवसांची कैद आणि निदान पन्नास हजारांचा दंड लिहिला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय नुसत्या दंडावर सोडू शकते. पण आम्ही तर लेखाचे मानधन घेतो!

‘आणि तुझ्या त्या खेळांचे काय?’ बापाच्या हाती एवढेच शस्त्र उरले होते.

‘एक कुलूप तोडलेला उतरवला होता,’ तो म्हणाला. ‘त्याच्याबरोबर व्हायरस आला आणि माझी एका सत्राची जर्नल्स गेली. आता विकत घेतो, सेल लागला की. पण बाबा, विकत घेतो म्हणजे तरी काय? युबिसॉफ्टने ‘द क्रू’ हा खेळ 2024 साली बंद केला. ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्याही हाती काही राहिले नाही. ॲमेझॉनने 2009 मध्ये लोकांच्या किंडलमधून ऑर्वेलचे पुस्तक परस्पर पुसले होते. तुमच्या दिवाळी अंकाच्या संपादकाने कधी घरात शिरून अंक परत नेला आहे का? पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे, पण त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पुरा पाहायला मिळत नाही. जास्त प्रती असत्या तर मिळाला असता.’

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. कंपनीने पैसे घ्यावेत आणि वस्तूही आपल्याच हाती ठेवावी, हा सौदा आमच्या आजोबांनी एका दिवसात मोडला असता. पण त्याचा सूड दिवाळी अंकाच्या संपादकावर उगवण्यात काय हशील? त्याने तर वस्तू दिली आहे.

त्याच रात्री चिरंजिवांनी आमच्या संगणकात उबुंटू भरले. ते टोरंटने उतरवलेले पाहून आम्ही दचकलो. तेव्हा समजले की टोरंट ही नुसती वाहतुकीची रीत आहे. फाइलीचे तुकडे जगभरच्या संगणकांवर असतात. आपण एक तुकडा घेतो तेव्हाच आधी घेतलेला दुसऱ्याला देत असतो. म्हणून तर चोरटा सिनेमा उतरवणारा ‘मी फक्त घेतला’ असे म्हणू शकत नाही. घेता घेता तो वाटपवाला झालेला असतो. उबुंटूच्या कर्त्यांनी मात्र वाटण्याची परवानगी आधीच दिलेली आहे. अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ हा देवनागरी टंक मिळाला. त्याच्याही नावाप्रमाणे वाटा मोकळ्या. हा लेख त्याच अक्षरांत लिहिला आहे. पहिले दोन आठवडे आम्हाला जोडाक्षरे सापडत नव्हती, ते सोडा.

यंदा वर्गणीची वही नानांनी स्वतः धरली. दिसत नाही म्हणून नातवाला बरोबर घेऊन ते चारही मजले हिंडले. सहा अंकांची वर्गणी जमली. दोन घरांनी नकार दिला, त्यांची नावे ॲडमिन या नात्याने आम्ही सांगणार नाही. ग्रुपवर नानांनी श्यामची आई टाकली आहे. समोरच्या वहिनींनी तीवर लिहिले, ‘वाचलेली आहे. नवीन काही पाठवा.’

काल नाना भेटले तेव्हा त्यांनी विचारले, ‘यंदा कुठल्या अंकात आहात?’ आम्ही या अंकाचे नाव सांगितले. ‘नातवाला सांगतो,’ ते म्हणाले, ‘आला की तुमचीच पाने आधी मोठी कर.’