केकसाठी संत्र्याची साल

गेल्या महिन्यात अब्बांसाठी आम्ही संत्र्याचा केक केला. फुगला छान, पण लागला कडवट. अब्बा काही बोलले नाहीत. बशी मात्र अर्धीच संपली. चूक आमचीच होती. सुगंधी तेल असतं वरच्या नारिंगी थरात. खालचा पांढरा भाग कडू. आम्ही दोन्ही किसलं होतं.

चकचकीत फळावर मेण असू शकतं, म्हणून ते गरम पाण्यात चोळून धुवावं आणि कोरडं पुसावं. ओली साल किसणीला चिकटते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. फळ फ्रिजमध्ये गार करून, न सोलता, फिरवत हलक्या हातानं किसावं. पांढरं दिसलं की थांबावं. कीस साखरेत चोळावा, रस नंतर काढावा.

या वेळी अब्बांनी दुसरा तुकडा मागितला.