आधी गाडी घेऊ नका

रॅलीत उतरायचंय म्हणून जो मुलगा मला मेसेज करतो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, कुठली गाडी घेऊ?" मी म्हणतो, "कुठलीच नको. घरात आहे ती आण." मग तो नाराज होतो. दोन दिवसांनी त्याच्या स्टेटसवर कुणाच्या तरी गाडीचा सायलेन्सर फटाक्यांसारखा फुटत असतो.

हे शहाणपण मला जन्मजात नव्हतं. पैसे घालवून आलंय. सात वर्षांपूर्वी पप्पांनी वरच्या मजल्यासाठी बाजूला ठेवलेले तीन लाख मी मागून घेतले आणि एक 'रेडी' रॅली कार आणली. आत पाइपांचा पिंजरा, बकेट सीट, दारांवर स्टिकर. विकणारा म्हणाला, "फक्त बसायचं आणि पळवायचं." स्पर्धेच्या आदल्या दिवशी तपासणीत अधिकाऱ्याने सीटच्या पट्ट्यांवरचं लेबल उलटून पाहिलं. मुदत संपलेली. गाडी बाद. त्याचं काही चुकलं नव्हतं. झाडावर आदळल्यावर जुना पट्टा तुटतो, हे त्याला माहीत होतं आणि मला नव्हतं. एक किलोमीटरही न पळता गाडी टेम्पोवर चढवून साताऱ्याला परत आणली. आमच्या स्लॅबवर मजल्यासाठी सोडलेल्या सळया अजून तशाच उभ्या आहेत. गंजल्यात.

चूक गाडीत नव्हती, क्रमात होती. रॅली हा एक खेळ नाही, तीन-चार खेळांचं कुटुंब आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला सांगतो.

पहिला प्रकार टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स. चालू रस्त्यावर, वाहतुकीचे नियम पाळून, आयोजकांनी दिलेला सरासरी वेग राखायचा. लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड. ताशी ३६ किलोमीटर वेग दिला असेल तर एका किलोमीटरला बरोबर १०० सेकंद. ७.४ किलोमीटरवरच्या चौकीला ७४० सेकंदांनी पोचायचं. सोपं वाटतं? तुमच्या गाडीचा मीटर शंभरात तीन जास्त दाखवत असेल, तर मीटरवर विसंबून तुम्ही २० सेकंदांहून जास्त उशिरा पोचता. म्हणून सुरुवातीच्या मोजलेल्या टप्प्यात मीटरची चूक पकडायची, टायरमधली हवा दिवसभर सारखी ठेवायची, आणि शेजारी हिशेबाला पक्कं माणूस बसवायचं.

दुसरा प्रकार ऑटोक्रॉस. मोकळ्या मातीच्या मैदानावर कोन मांडून आखलेला छोटा मार्ग, घड्याळाशी शर्यत. गाडी घसरली तर कोन पडतो, माणूस नाही.

तिसरी खरी स्टेज रॅली. बंद केलेला रस्ता, पूर्ण वेग, कोड्रायव्हरने वाचलेल्या पेस नोट्स. इथे पिंजरा, मुदतीतले पट्टे, मान वाचवणारं हान्स उपकरण, आग न धरणारे कपडे, अग्निशामक हे सगळं लागतं आणि यात एक रुपयाही वाचवायचा नसतो. जो सांगतो की स्टेज रॅली स्वस्तात होते, तो तुमच्या मानेवर पैसे वाचवतोय.

टीएसडीचं नाव काढलं की पोरं हसतात. "ही काय रॅली? कॅल्क्युलेटर घेऊन पिकनिक!" मीही हसलो होतो. हात पोळल्यावर घरच्या जुन्या अल्टोत धाकट्या बहिणीला शेजारी बसवून उतरलो. पहिल्या तासाभरात ती सहा वेळा म्हणाली, "दादा, तू लवकर आहेस." मला चिडायला झालं. संध्याकाळी कळलं, की मला वेग ठेवताच येत नव्हता; मला फक्त वेग वाढवता येत होता. रोड बुकमधल्या आकृत्या वाचणं, शेजारच्यावर विश्वास ठेवणं, चुकल्यावर घाबरून पाय न दाबणं, हे सगळं स्टेज रॅलीतही लागतं. फरक इतकाच की तिथे ते शिकायला फार उशीर झालेला असतो.

आता गाडी. छोटी, हलकी, जिचा मिस्त्री गल्लीत आहे आणि जिचे पार्ट तालुक्याला मिळतात ती. जिप्सी किंग, एस्टीम आणि २००५ची पहिली पेट्रोल स्विफ्ट, तिघींच्या बॉनेटखाली सुझुकीच्या जी-१३ घराण्यातलं १.३ लिटरचं इंजिन. त्याचं पोट उघडलेले मिस्त्री गावोगाव आहेत. जिप्सी घेऊ नका, तिला शौकिनांनी भलता भाव आणलाय. अल्टो, वॅगन-आर, जुनी स्विफ्ट पुरे. घेताना रंग पाहू नका, खाली वाका. चेसिसला गंज आहे का, वेल्डिंग केलंय का, सस्पेन्शनचे बुश गेलेत का, पासिंग कधीपर्यंत आहे, ते बघा. हातात हजार रुपये असतील तर आधी ब्रेक, मग टायर, मग शॉकअब्सर, मग इंजिनाखाली गार्ड. इंजिनाची ताकद सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांना कधीच नाही.

कमी ताकदीची गाडी चुका लपवत नाही, म्हणून ती चांगली गुरू. वळणात वेग घालवलात तर तो परत मिळवायला तिच्याकडे काही नसतं. मोठं इंजिन तुमची चूक पुढच्या सरळ रस्त्यावर झाकून टाकतं आणि तुम्हाला वाटतं, आपण भारी चालवतो. ब्रिटनमध्ये १४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी हजार सीसीच्या गाड्यांची रॅली मालिका चालते, बंद खासगी जागेत. तिथल्या मुलांना छोट्या इंजिनाची लाज वाटत नाही. आपल्याला का वाटते?

याचं उत्तर रात्री यवतेश्वर घाटात उभं राहिलं की मिळतं. आपल्याकडे गाडी चालवायची नसते, दाखवायची असते. कर्जाच्या गाडीला रिमॅप, टायर मात्र झिजलेले, समोरून येणाऱ्या दूधवाल्याचा विचार नाही. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवा. २०१९ साली राजस्थानात राष्ट्रीय रॅलीच्या फेरीत, रीतसर परवानगी घेऊन बंद केलेल्या मार्गावर एक मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातले तिघे गेले. गाडी देशातल्या अव्वल चालकाच्या हातात होती. रस्ता बंद असतानाही हे होतं. तुमचा घाट तर चालू असतो.

पण सगळा दोष पोरांवर टाकून क्लबांना सोडणार नाही. बक्षीस समारंभातली मोठी टाळी नेहमी सगळ्यात महागड्या गाडीला मिळते. छोट्या वर्गाचा विजेता फोटोच्या कडेला उभा असतो. मग अठरा वर्षांचा मुलगा त्यातून काय शिकणार? फिनलंडमध्ये 'योकामिएहेनलुओक्का' नावाचा प्रकार आहे. अर्थ, प्रत्येकाचा वर्ग. शर्यत संपली की ठरलेल्या स्वस्त किमतीला दुसरा स्पर्धक तुमची गाडी विकत मागू शकतो आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही. त्यामुळे गाडीत लाखो रुपये ओतायला कुणी धजावत नाही. एका नियमाने पैशाची मस्ती उतरवली. आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्यात माळरान आहे, भंगारात जाणाऱ्या अल्टो आहेत, रिकामे रविवार आहेत. असा एक वर्ग सुरू करायला कुणाची वाट बघतोय आपण?

तोवर माझं उत्तर तेच. घरातली गाडी आणा. बहिणीला, मित्राला, आईला शेजारी बसवा. एक वर्ष टीएसडी, एक वर्ष ऑटोक्रॉस. त्यानंतरही भूक राहिली, तर स्टेजचा खर्च मांडू. मी स्वतः वहीत मांडून देईन, आणि पहिली ओळ पट्ट्यांच्या मुदतीची असेल.

ती रेडी गाडी मी पुढे निम्म्या किमतीत विकली. घेणाऱ्याला लेबल आधी दाखवलं.