निरंक

सरकारी दफ्तरात रुळलेल्या शब्दांपैकी ‘निरंक’ या शब्दाइतका दिसावयास निरुपद्रवी आणि परिणामी घातक शब्द दुसरा नसेल. अहवालाचा नमुना वरून येतो, त्यात रकाने असतात, आणि रकान्यात भरण्याजोगे काही नसले म्हणजे कारकून तेथे ‘निरंक’ असे लिहून कागद साहेबांपुढे सहीस ठेवतो. किती वाहने नादुरुस्त झाली, किती खुर्च्या मोडल्या, अशा बाबतींत हा शब्द खराही असतो. परंतु स्त्रियांच्या छळाच्या तक्रारींच्या रकान्यातही वर्षानुवर्षे तोच शब्द उतरावा, आणि आपल्या अमलाखालील मुलुखात सर्व क्षेम आहे असे समाधान मानून अधिकाऱ्याने त्याखाली सही करावी, हे आम्हांस सोसवत नाही. आमचे बहुसंख्य वाचक महाराष्ट्राबाहेर निरनिराळ्या प्रांतांत अधिकारपदावर आहेत. तेथे या शब्दाला दुसरे नाव असेल. त्याचा अनर्थ तोच आहे.

तक्रार नसणे आणि अन्याय नसणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. सरकारच्याच पाहणीचे आकडे तसे सांगतात. २०१९–२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, विवाह झालेल्या १८ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याच पाहणीत, शारीरिक वा लैंगिक हिंसा वाट्यास आलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी कोणाची मदत मागितली होती. ७७ टक्क्यांनी मदत तर मागितली नाहीच, पण झाली गोष्ट कोणापाशी उच्चारलीही नाही. ज्या थोड्या बोलल्या, त्याही मुख्यतः माहेरच्या माणसांपाशी. पोलिसांच्या पायरीपर्यंत फारच थोड्या पोचल्या. आता ज्या अधिकाऱ्याचा सारा विश्वास तक्रारवहीवर आहे, त्याने स्वतःसच विचारावे की, शंभरांतील या ७७ जणींची नोंद त्याच्या कोणत्या रकान्यात होते?

संशोधकाला जे ऐकू येते ते कचेरीला का ऐकू येऊ नये? संशोधकाचे कान काही अधिक तीक्ष्ण नसतात. त्याची विचारण्याची रीत निराळी असते. या पाहणीत एका घरातील एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारले जातात, आणि तेही एकांताची खात्री करून घेतल्यावर. एकांत मिळाला नाही, तर तो भाग सोडून देतात. ‘तुमचा छळ होतो काय?’ असा मोघम प्रश्न तेथे नसतो. नवऱ्याने कधी थोबाडीत मारली काय, हात पिरगळला काय, केस ओढले काय, लाथ मारली काय, असे एकेक कृत्य नाव घेऊन विचारतात. कारण जन्मभर मार खाल्लेली बाई त्याला ‘छळ’ म्हणेलच असे नाही, ती त्याला संसार म्हणते. याच्या उलट आपल्या कचेरीची रीत पाहावी. कोठल्याशा मजल्यावरची बंद खोली, समोर अनोळखी पुरुष, लेखी अर्जाची मागणी, आणि बाहेर बाकावर बसलेला तिच्याच गावचा कोणी. इतक्या अडथळ्यांपुढे ती गप्प राहिली, तर तिच्या मौनाला आपण शांतता म्हणतो!

मौनाचा असा सोयीस्कर अर्थ लावण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे आणि तिचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवरचे आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथे, पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. तिच्या अंगावर प्रतिकाराचे व्रण नाहीत, सबब तिची संमती असली पाहिजे, असा त्या निर्णयाचा रोख होता. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीने शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्राचा गाभा. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा वेगळा आणि अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा ठरला. अशा खटल्यात आपली संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असा नियम झाला. व्रण नाहीत म्हणून अत्याचार नाही, हे तर्कशास्त्र न्यायालयात मोडीत निघाले. तक्रार नाही म्हणून छळ नाही, हे त्याचेच सख्खे भावंड मात्र आपल्या कचेऱ्यांतून अजून सुखाने नांदते आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. राजस्थानातील भटेरी गावच्या भँवरीदेवी या सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमातील ‘साथिन’. बालविवाह रोखण्याचे काम केले म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, आणि १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केले. या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांचा कायदा व्हावयास २०१३ साल उजाडले. जेथे दहांहून कमी माणसे काम करतात, किंवा जेथे तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथील स्त्रीसाठी या कायद्याने जिल्ह्याची स्थानिक समिती नेमली. घरकाम करणाऱ्या बाईचाही त्यात स्पष्ट समावेश आहे. तालुक्यातालुक्यात तक्रार स्वीकारणारा अधिकारी असावा, लिहिता न येणाऱ्या स्त्रीस तक्रार लिहून देण्यास साहाय्य करावे, चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी, असे सारे त्यात आहे. पण डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की, प्रत्येक जिल्ह्यात या कायद्याखालील अधिकारी महिनाअखेरपर्यंत नेमा आणि स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थापन करा. कायदा होऊन ११ वर्षे लोटल्यावर! समितीच नसेल तर तक्रार येणार कोठे? आणि तक्रार न आल्यावर अहवाल निरंक जाणार, यात नवल ते काय?

यावर परप्रांतात नोकरी करणाऱ्यांचे एक ठरीव उत्तर असते. आपण येथे पाहुणे. दोनतीन वर्षांत बदली व्हायची. येथल्या चालीरीतींत हात कशाला घाला? हे उत्तर नम्रतेचे सोंग घेऊन येते, म्हणून अधिक घातक. या ‘चालीरीती’ त्या त्या प्रांतांनीच नाकारल्या आहेत. चेटकीण ठरवून बाईला मारण्याविरुद्ध बिहारने १९९९ साली कायदा केला, छत्तीसगडने २००५ साली केला, राजस्थान आणि आसाम यांच्या विधानसभांनी २०१५ साली केला. तेथील लोकप्रतिनिधींनी ज्याला गुन्हा म्हटले, त्याला परक्या अधिकाऱ्याने रूढी म्हणून मान द्यावा, हा कोठला आदर? खरे पाहता परकेपण हेच अशा अधिकाऱ्याचे बळ आहे. त्या जिल्ह्यात त्याची सोयरीक नाही, जमीन नाही, जातीच्या पंचांपुढे मान तुकविण्याची गरज नाही. जे बोलताना स्थानिक अधिकाऱ्याची जीभ अडखळते, ते तो निःसंकोच बोलू शकतो.

दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. द्वेषबुद्धीने केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद त्याच कायद्यात आहे; केवळ आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, हेही तेथेच लिहिले आहे. जेथे तक्रारच येत नाही, तेथे खोट्या तक्रारींची चिंता वाहणे म्हणजे कोरड्या विहिरीकाठी बसून पुराची धास्ती घेणे होय.

आमची मंडळे ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीस हार घालतात, हे उचितच आहे. पण त्या दांपत्याने केले काय, तेही आठवावे. फसलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा अर्ज येईपर्यंत ते थांबले नव्हते. आधी दार उघडले, आणि ते उघडे असल्याच्या जाहिराती गावात लावल्या. दुबळ्याच्या रक्षणाचा क्रम हाच: दार प्रथम, तक्रार मागाहून.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. पुढल्या वेळी असा अहवाल सहीस येईल, तेव्हा अधिकाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. समितीत कोण आहेत? ती शेवटची कधी बसली? तिचा पत्ता तेथल्या लोकांच्या भाषेत कोठे कोठे लावला आहे? आणि आपल्या बंगल्यावर भांडी घासणाऱ्या बाईस तो ठाऊक आहे काय? या प्रश्नांना उत्तरे नसतील, तर रकान्यात ‘निरंक’ लिहू नये. ‘विचारले नाही’ असे लिहावे. निदान तेवढी नोंद तरी सत्याची होईल, आणि वरच्या कचेरीस आजवर जे कळले नाही ते कळेल.